गल्ला तुमचा, वहीही तुमची : वेबसाइटसाठी साधी ओपन सोर्स शॉपिंग कार्ट



अमरावतीचा वर्ग असो की अकोल्याचा, एक प्रश्न हमखास येतो. "सर, वेबसाइट तर झाली. फोटो टाकले, भाव टाकले. आता गिऱ्हाइकाला तिथूनच माल घेता आला पाहिजे. त्याला किती खर्च येईल?" विचारणारी ताई पापड-मुगवड्या करत असते, नाहीतर एखादा भाऊ चिखलदऱ्याची कॉफी किंवा ठेचा-लोणचं विकत असतो. माल चांगला आहे, व्हॉट्सॲपवर ऑर्डरी येतात, पण पाच जणांनी एकदम मेसेज टाकले की कोणाचं काय राहिलं तेच कळत नाही.

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण साधी शॉपिंग कार्ट स्क्रिप्ट ओळ-न-ओळ लिहून दाखवली आहे. कोड तिथे पाहा. इथे मी त्यामागचा हिशोब सांगतो. कोड कोणाकडूनही लिहून घेता येतो, पण हिशोब दुकानदारालाच समजला पाहिजे. मी स्वतः बीबीए झालेला दुकानदार आहे, कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. तरी सांगतो, ज्याला दुकान चालवता येतं त्याला यातलं बरंचसं आधीच येत असतं.

आधी भाड्याचा हिशोब

तयार ऑनलाइन दुकान महिन्याच्या भाड्याने मिळतं. समजा भाडं महिन्याला २,००० रुपये आहे. म्हणजे वर्षाला २४,०००. तुमच्या ठेच्याच्या एका बरणीमागे सगळा खर्च जाऊन ६० रुपये उरतात असं धरा. २४,००० भागिले ६० म्हणजे ४०० बरण्या. वर्षातल्या पहिल्या ४०० बरण्या तुम्ही फक्त भाडं भरायला विकता. चारशे एकावी बरणी तुमची.

ज्याच्या हजारो बरण्या खपतात त्याला हे भाडं जड नाही. ज्याच्या वर्षाला सहाशे खपतात त्याच्यासाठी मात्र हा जगण्या-मरण्याचा आकडा आहे. आणि खरा प्रश्न पैशापेक्षा मोठा आहे. भाडं थांबवलं तर सोबत काय घेऊन निघता? गिऱ्हाइकांची नावं, कोण काय घेतं, दिवाळीला कोणाची किती ऑर्डर होती, ही तुमची वही. जिथे राहायला जाल तिथे आधी विचारा, "जाताना माझी वही पूर्ण मिळेल का?"

ओपन सोर्स कार्ट म्हणजे ज्या स्क्रिप्टचा कोड उघडा आहे, जी तुम्ही स्वतःच्या होस्टिंगवर ठेवू शकता, हवी तशी बदलू शकता. ती फुकट असते असं समजू नका. डोमेन आणि होस्टिंगचे वर्षाला काही हजार लागतातच, आणि देखभाल तुमच्या डोक्यावर येते. पण वही तुमच्या कपाटात राहते.

ही वाट नवी नाही

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रॅमरसमोर एक अडचण आली. एका गिऱ्हाईक कंपनीला वेबवर दुकान काढायचं होतं, पण कोणी अर्धवट खरेदी करून थांबला तर त्याची आठवण आपल्या सर्व्हरवर ठेवायची नव्हती. त्यातून ब्राउझरमध्ये छोटी चिठ्ठी ठेवायची युक्ती निघाली. तीच आजची 'कुकी'. म्हणजे रोज प्रत्येक वेबसाइट ज्या कुकीची परवानगी मागते, ती मुळात खरेदीच्या पिशवीसाठी जन्मली.

२००० च्या मार्चमध्ये जर्मनीत हाराल्ड पोन्से दे लेओन यांनी ओएसकॉमर्स सुरू केलं. सुरुवातीला त्याचं नाव 'द एक्स्चेंज प्रोजेक्ट' होतं. पीएचपी आणि मायएसक्यूएल वापरून केलेली, उघडा कोड असलेली ही कार्ट जगभरच्या छोट्या दुकानदारांनी उचलली. २००३ मध्ये त्याच कोडवरून झेन कार्ट निघाली. २०११ मध्ये वूथीम्सने जिगोशॉप नावाच्या ओपन सोर्स कार्टचा कोड घेऊन वूकॉमर्स बनवलं, आणि २०१५ मध्ये ते ऑटोमॅटिक कंपनीने विकत घेतलं. एकाने केलेल्या कामावर दुसऱ्याने पुढचा मजला चढवला, आणि तेही उघडपणे, परवान्यानुसार.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. मुंबईचे रुषभ मेहता घरच्या फर्निचरच्या धंद्यातून आले. व्यवसायाचा सगळा हिशोब ठेवणारं, परवडणारं सॉफ्टवेअर हवं म्हणून त्यांनी स्वतः बांधायला घेतलं. त्यातून ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं. साठा, बिल, खातं, ऑर्डर सगळं त्यात आहे, आणि वेबसाइटवर विक्रीसाठी कार्टही त्याला जोडता येते. कोड पूर्ण उघडा, जीपीएल परवान्याखाली. आज जगभर ते वापरलं जातं. सुरुवात कुठून झाली ते लक्षात ठेवा. दुकानाच्या गरजेतून झाली.

कार्टमध्ये असतं तरी काय?

चारच गोष्टी. दुकानात ज्या असतात त्याच.

पहिलं, फळी. वस्तूचं नाव, फोटो, भाव, वजन, शिल्लक.

दुसरं, पिशवी. गिऱ्हाइकाने काय काय उचललं आणि किती.

तिसरं, बिल. बेरीज, पाठवणी खर्च, कर, एकूण.

चौथं, वही. कोणाला, कुठे, काय पाठवायचं, पैसे आले का, पार्सल निघालं का.

पिशवी लक्षात कशी राहते? शेगावला दर्शनाला जाताना चपला ठेवतो, टोकन मिळतं. टोकनावर फक्त नंबर असतो, चपला स्टँडवरच असतात. तसंच इथे. गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये कुकी म्हणजे टोकन, आणि पिशवीतली यादी तुमच्या सर्व्हरवर. याला 'सेशन' म्हणतात. पीएचपीमध्ये ही सोय तयारच असते.

डेटाबेसमध्ये सुरुवातीला चार तक्ते पुरतात : वस्तू, ऑर्डर, ऑर्डरमधल्या ओळी, आणि पिनकोडनुसार पाठवणीचे दर. गिऱ्हाइकाला खातं उघडायला, पासवर्ड ठेवायला लावू नका. नाव, मोबाइल, पत्ता घ्या आणि ऑर्डर पूर्ण करा. पासवर्ड ठेवलाच नाही तर तो चोरीला जायची भीतीही नाही.

या तक्त्यांबद्दल तीन गोष्टी मनावर घ्या.

एक, पैसे पैशांतच साठवा. १८० रुपये म्हणजे १८,००० पैसे, असा पूर्णांक. कॉम्प्युटर दशांश आकडे दोनच्या हिशोबात ठेवतो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ ची बेरीज त्याच्याकडे नेमकी ०.३ येत नाही. एका बिलात फरक दिसणार नाही, पण वर्षाअखेरीस सीएच्या टेबलावर दिसेल.

दोन, ऑर्डर झाली त्या दिवशीचा भाव ऑर्डरच्या ओळीत उतरवून ठेवा. नुसता वस्तूचा नंबर ठेवला आणि उद्या तेल महागलं म्हणून तुम्ही भाव १८० चा २०० केला, तर मागची सगळी बिलं २०० ची दिसू लागतील. जुनी पावती कधी बदलत नसते, हे दुकानदाराला कोणी शिकवायला नको.

तीन, शिल्लक कमी करताना एकाच आदेशात करा : "शिल्लक पुरेशी असेल तरच वजा कर." आधी पाहायचं आणि मग वेगळं वजा करायचं असं दोन पायऱ्यांत केलं, तर मधल्या क्षणात दोघं जण शेवटची एकच बरणी घेऊन जातात. मग एकाला फोन करून माफी मागत बसा.

भाव नेहमी आपल्याच वहीतून

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. संपूर्ण लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

गिऱ्हाईक दुकानात बरणी घेऊन काउंटरवर येतो. तुम्ही त्याला "काय भाव आहे?" असं विचारता का? नाही. तुम्ही बरणी पाहता आणि भाव तुमच्या यादीतून लावता. वेबसाइटवर मात्र शिकाऊ प्रोग्रॅमर बऱ्याचदा उलटं करतात. पानावर एका लपलेल्या चौकटीत भाव लिहून ठेवतात, आणि बटण दाबलं की तोच भाव परत घेऊन बिल बनवतात. लपलेली चौकट डोळ्याला दिसत नाही, पण ब्राउझर थोडाफार कळणारा कोणीही ती उघडून १८० च्या जागी १ लिहू शकतो.

ही कल्पनेतली भीती नाही. २००० च्या फेब्रुवारीतच इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने बाजारातल्या ११ शॉपिंग कार्टमध्ये हाच दोष असल्याचं जाहीर केलं होतं. इतकी वर्षं झाली, तरी नवीन लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये तो पुन्हा पुन्हा शिरतो.

म्हणून नियम असा : ब्राउझरकडून फक्त दोन गोष्टी घ्यायच्या, कोणती वस्तू आणि किती नग. भाव, बेरीज, पाठवणी, सूट, हे सगळं सर्व्हरने आपल्या तक्त्यातून काढायचं. नगही तपासायचे. कोणी उणे दोन नग टाकले तर बिल कमी होता कामा नये. १ ते समजा ५० यामधला पूर्ण आकडा असेल तरच पुढे जाऊ द्यायचं.

याच जातीची आणखी एक काळजी. गिऱ्हाइकाने टाइप केलेलं काहीही सरळ डेटाबेसच्या आदेशात चिकटवायचं नाही. पीएचपीमध्ये 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' नावाची सोय आहे, तीच वापरायची. आणि वेबसाइटला एचटीटीपीएस हवंच. लेट्स एन्क्रिप्टमुळे त्याचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, त्यामुळे सबब चालणार नाही.

आपल्याकडे नेटवर्कचं काय असतं ते माहीतच आहे. धारणी-चिखलदऱ्याकडे चाक फिरत राहतं आणि माणूस बटण दोनदा दाबतो. दोन ऑर्डरी पडतात. उपाय सोपा. ऑर्डरच्या पानाला एकदाच वापरायचा नंबर द्या. तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर नवी ऑर्डर न करता पहिलीच पावती दाखवा.

पिनकोडातून पाठवणी

पाठवणीचा खर्च सरसकट एकच ठेवला तर अकोल्याचं गिऱ्हाईक चिडतं आणि गुवाहाटीच्या पार्सलमध्ये आपला तोटा होतो. यावर तयार उत्तर आपल्या पत्त्यातच आहे.

पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो आणणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामांकित कवी. सारख्या नावाची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते, यातून पत्र नेमकं पोचावं म्हणून ही सहा आकड्यांची रचना झाली. पहिला आकडा देशातला विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस.

आपल्यासाठी याचा अर्थ पाहा. अमरावती ४४४६०१, अकोला ४४४००१. वऱ्हाडात ४४३, ४४४, ४४५ यांनी सुरू होणारे पिन येतात. म्हणजे स्क्रिप्टला पहिले तीन आकडे वाचता आले की निम्मं काम झालं. समजा तुम्ही एक किलोपर्यंत वऱ्हाडात ५० रुपये, उरलेल्या महाराष्ट्रात ८० आणि बाहेर १२० असा दर ठेवला. १८० च्या दोन बरण्या आणि १२० चं एक पापडाचं पाकीट घेतलं तर माल ४८०, अमरावतीला पाठवणी ५०, एकूण ५३०. दर तुमच्या कुरिअरवाल्याला विचारून ठरवा आणि तक्त्यात लिहा, कोडमध्ये नाही. दर बदलला की प्रोग्रॅमरला फोन करायची वेळ येऊ नये.

इथे एक खाच आहे. ४० ते ४४ ने सुरू होणारे पिन बहुतेक महाराष्ट्राचे, पण ४०३ म्हणजे गोवा. पणजीची ऑर्डर ही राज्याबाहेरची ऑर्डर. पाठवणीपुरता फरक लहान आहे, जीएसटीसाठी मोठा. ते पुढे येतंच.

वजन धरताना नुसता माल धरू नका. २५० ग्रॅम लोणच्याची काचेची बरणी, झाकण, बबलचा कागद, खोकं, सगळं तोलून तेच वजन तक्त्यात भरा. काट्यावर जे दिसतं त्याचेच पैसे कुरिअरवाला घेतो.

पैसे घ्यायचे कसे?

सुरुवातीला तीन वाटा आहेत : माल पोचल्यावर रोख, थेट यूपीआय, आणि पेमेंट गेटवे.

रोखीत परत येणाऱ्या पार्सलचा धोका असतो. म्हणून मोठ्या रकमेला फोन करून खात्री करा.

थेट यूपीआय सोपं आहे. तुमचा यूपीआय आयडी, नाव, रक्कम आणि ऑर्डर नंबर एवढं घालून एक लिंक बनते. मोबाइलवर दाबली की यूपीआय ॲप रकमेसकट उघडतं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून एमडीआर घ्यायचा नाही असा सरकारी नियम आहे. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. पैसे आले की नाही, हे ही लिंक तुमच्या वेबसाइटला परत येऊन सांगत नाही. म्हणून ऑर्डर 'पैसे बाकी' याच खान्यात ठेवायची. बँक खात्यात रक्कम आणि ऑर्डर नंबर स्वतः पाहिला की मगच 'पैसे आले'. गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तो कोणालाही बनवता येतो.

रोजच्या ऑर्डरी इतक्या झाल्या की हाताने तपासणं जमेना, तेव्हा गेटवे घ्या. कार्डावर साधारण दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असा अंदाज धरा, आणि करार वाचून खात्री करा. गेटवे पैसे आल्याचा निरोप थेट तुमच्या सर्व्हरला देतो. त्या निरोपावरची डिजिटल सही तपासूनच ऑर्डर पक्की करायची, आणि रक्कम आपल्या वहीतल्या रकमेशी जुळवायची. कार्डाचा नंबर मात्र स्वतःकडे कधीच साठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला तो ठेवताच येत नाही.

मराठी गिऱ्हाईक, मराठी आकडे

तयार परदेशी स्क्रिप्टमध्ये ही गोष्ट सापडणार नाही. आपल्या बऱ्याच गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड असतो. ते पिनकोड ४४४६०१ असा देवनागरीत टाइप करतात. स्क्रिप्टला फक्त इंग्रजी आकडे कळत असतील तर ती म्हणते "पिनकोड चुकीचा आहे". गिऱ्हाईक दोनदा प्रयत्न करतो आणि निघून जातो. त्याचं काही चुकलेलं नसतं. म्हणून पिनकोड, मोबाइल आणि नग या तिन्ही ठिकाणी साधी अक्षरांची चौकट ठेवा, आणि सर्व्हरवर आधी देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून मग तपासा. दहा आकड्यांच्या दहा जोड्या, एवढाच तो कोड.

डेटाबेस बनवताना अक्षरसंच 'यूटीएफ८एमबी४' निवडा. नाहीतर 'मुगवड्या' च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. आणि चुकीचा संदेश मराठीत, माणसासारखा लिहा. "पिनकोडमध्ये सहा आकडे पाहिजेत" हे वाचून ताईला कळतं काय करायचं ते.

कायद्याचं पान

छोटा असलो तरी आपण धंदा करतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० आपल्या वेबसाइटलाही लागू होतात. त्यातलं स्क्रिप्टमध्ये उतरवायचं असं :

धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, फोन, ईमेल दिसलं पाहिजे. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क पाहिजे. लहान दुकानात ते तुम्हीच असाल. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात.

एकूण किंमत एका आकड्यात, आणि तिची फोडही दाखवायची. मालाचे किती, पाठवणीचे किती. शेवटच्या पानावर अचानक ४० रुपये 'हाताळणी' वाढवायचे नाहीत.

गिऱ्हाइकाची संमती त्याने स्वतः द्यायची. आधीच टिक करून ठेवलेली चौकट चालत नाही.

परत घेणं, बदलून देणं, पैसे परत करणं याचे तुमचे नियम स्पष्ट लिहा. खायचा माल असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर द्या. पाकीटबंद मालावर छापावी लागणारी माहिती, म्हणजे एमआरपी, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, ही वैधमापन नियमांनुसार वेबसाइटवरही दाखवावी लागते.

जीएसटीचं : महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की ही सूट सर्वसाधारणपणे राहत नाही. हस्तकलेच्या काही वस्तूंना वेगळी सवलत आहे. म्हणून नोंदणी नसेल तर स्क्रिप्टमध्ये राज्याबाहेरचे पिन बंद ठेवा, त्या ४०३ सकट, आणि सीएशी बोलून मगच उघडा.

कोड लिहून घेताना कागद करा

स्वतः कोड लिहिता येत नसेल तर अमरावती-बडनेऱ्यात आणि अकोल्यात कॉम्प्युटर शिकणारी भरपूर पोरं-पोरी आहेत. त्यांच्याकडून लिहून घ्या, योग्य पैसे द्या. हा लेखच त्यांच्यापुढे ठेवा आणि एकेक मुद्दा टिक करा.

पण आधी कागद करा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे बाहेरून कंत्राटावर काम करणाऱ्याने लिहिलेल्या कोडचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, लिहिणाऱ्याचाच असतो. पैसे दिले म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. याला सरळ वाट म्हणजे दोघांनी मिळून ठरवायचं की कोड ओपन सोर्स परवान्याखाली राहील. मग तुम्हाला तो कायम वापरता-बदलता येतो, आणि त्या मुलीलाही आपलं काम जगाला दाखवता येतं. उद्या ती पुण्याला नोकरीला गेली तरी दुसरा कोणी तोच कोड उघडून पुढे नेऊ शकतो.

परवाने दोन लक्षात ठेवा. एमआयटी परवाना म्हणतो, काहीही करा, फक्त मूळ नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. जीपीएल म्हणतो, बदलून वाटलंत तर तुमचा बदललेला कोडही याच परवान्याखाली उघडा ठेवा. नुसता 'कोड गिटहबवर टाकला' म्हणजे ओपन सोर्स होत नाही. परवान्याची फाइल पाहिजे.

गिटहबवर टाकताना डेटाबेसचा पासवर्ड, गेटवेची किल्ली आणि गिऱ्हाइकांची यादी चुकूनही जाऊ देऊ नका. ही माहिती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल वगळा. एकदा वर गेलेला पासवर्ड नंतर खोडला तरी जुन्या नोंदीत राहतो. तो बदलणं हाच उपाय.

"पण मग अकोल्यातला दुसरा ठेचेवाला माझाच कोड वापरेल!" वापरू द्या ना. तुमच्या ठेच्याची चव कोडमध्ये नाही. तुमचा वेळेवर जाणारा पार्सलवाला कोडमध्ये नाही. त्याला चूक सापडली आणि त्याने दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती तुम्हालाही घेता येते.

कधी स्वतः लिहू नये?

हेही स्पष्ट सांगतो. शेकडो वस्तू, कपड्यांचे साइज-रंग, कूपन, अनेक गोदामं असतील तर घरगुती स्क्रिप्टच्या नादी लागू नका. वूकॉमर्स, ओपनकार्टसारखी तयार ओपन सोर्स कार्ट घ्या. साठा-खातं-बिल सगळं एकत्र हवं असेल तर ईआरपीनेक्स्ट पाहा. ज्याला दर महिन्याला अपडेट करणं आणि बॅकअप घेणं जमणार नाही, त्याने भाड्याचं दुकान घेतलेलं बरं. आठवड्यातून एकदा डेटाबेस उतरवून लॅपटॉपवर आणि एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवणं, हे गल्ला मोजण्याइतकं नियमाने झालं पाहिजे.

पण वीस-पंचवीस वस्तू आहेत, गिऱ्हाईक बहुतेक वऱ्हाडातलं आणि पुण्या-मुंबईत गेलेलं आपलंच आहे, तर साधी स्क्रिप्ट पुरते. आणि पुढे तयार कार्ट घेतली तरी आज शिकलेलं वाया जात नाही. ती कार्ट आत काय करते ते तुम्हाला कळतं, आणि कोणी "यात दोन लाखांचं काम आहे" म्हटलं तर तुम्ही "कुठलं काम, दाखवा" असं विचारू शकता.

या आठवड्याचा गृहपाठ

पाचच वस्तू टाका. नंतर या सहा परीक्षा स्वतः घ्या.

१. ब्राउझरमध्ये भाव बदलून ऑर्डर करा. बिल खऱ्याच भावाचं आलं पाहिजे.

२. उणे दोन नग टाका. नकार आला पाहिजे.

३. पिनकोड देवनागरीत टाका. स्वीकारला गेला पाहिजे.

४. बटण पटकन दोनदा दाबा. ऑर्डर एकच पडली पाहिजे.

५. शिल्लक एक ठेवा आणि दोन मोबाइलवरून एकदम मागवा. दुसऱ्याला "माल संपला" दिसलं पाहिजे.

६. बॅकअप घेतलात, ठीक. आता तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू करून दाखवा. चालू न होणारा बॅकअप म्हणजे नुसती फाइल.

सहाही पास झाल्या की स्वतःच्या तीन नातेवाइकांना लिंक पाठवा आणि त्यांना काही न समजावता ऑर्डर करायला सांगा. ते जिथे अडतील तिथे खूण करा. आत्याबाईंना जमलं तर गिऱ्हाइकाला जमेल. मग पाचाच्या दहा वस्तू करा. पुढच्या व्हिडिओत आपण पार्सलवर चिकटवायची पत्त्याची पावती याच स्क्रिप्टमधून कशी छापायची ते पाहू. तोपर्यंत काटा आणा आणि बरण्या तोलून ठेवा.